चुन्याच्या जुन्या भिंतीवर पुस्तकांचं शेल्फ टिकेल का?

वाचनवेडी: घर जुनं, विटांच्या भिंती आणि वर चुन्याचं जाड प्लास्टर. ड्रिल लावलं की भुसभुशीत चुरा पडतो, भोक मोठं होतं आणि स्क्रू धरणारी गिट्टी (प्लग) नुसती फिरत राहते. पुस्तकं भरपूर आहेत, खाली मुलं खेळतात त्यामुळे भीती वाटते, काय करू?

खटपट्या: प्लास्टरवर भार टाकूच नका, पकड विटेतच हवी. प्लास्टर २५ मिमी असेल तर पुढे विटेत निदान ५०-६० मिमी जाईल असा लांब फ्रेम फिक्सिंग स्क्रू (लांब प्लगसकट येणारा स्क्रू) घ्या, ड्रिलचा हॅमर मोड (ठोके मारत भोक पाडणं) बंद ठेवून हळू ड्रिल करा, भोक सांध्यात नको विटेच्या मधोमध पाडा आणि आतली धूळ पूर्ण काढा. वीटही ठिसूळ निघाली तर जाळीच्या स्लीव्हसकट केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून त्यात रॉड पक्का करतात तो), पण तो नीट सेट झाल्याशिवाय वजन ठेवू नका. मीटरभर फळीवर पुस्तकांचे २५-३० किलो सहज होतात हो!

चुनेवाला: आधी ओल बघा. आणि पडलेला भाग सिमेंटने भरू नका प्लीज, ओल आत अडकते आणि आजूबाजूचा चुनाही सुटतो. चुन्यानेच भरा.

मीरा_७: मुलं आहेत ना, मग मी तर जमिनीवर उभा रॅकच घेईन. सगळा भार जमिनीवर, भिंतीला वरून फक्त एल क्लॅम्प, तो मात्र विटेत घट्ट हवाच, नाहीतर मुलं चढली की रॅक पुढे येतो.

वाचनवेडी: कोपऱ्यात ओल आहेच, आधी ती बघते. रॅकचंच पटतंय, थँक्यू सगळ्यांना.