शब्दचर्चा : गेम ‘विकत घेतला’ म्हणावं का?

खेळगडी :
यूबीसॉफ्ट या गेम कंपनीच्या ‘द क्रू’ या गेमवर मराठीत टिपण लिहायला बसलोय आणि पहिल्याच वाक्याला अडलोय. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा मोटारशर्यतीचा गेम. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागायचीच. १४ डिसेंबर २०२३ ला विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि थोड्याच दिवसांत लोकांच्या खात्यांतून गेमचं लायसन्सही काढून घेतलं गेलं. कपाटात डिस्क असलेल्यांचीही तीच गत, कारण सर्व्हरशिवाय डिस्क चालत नाही.

आता ‘ज्यांनी हा गेम विकत घेतला होता’ असं लिहू का? मराठीत विकत घेतलं म्हणजे व्यवहार मिटला. पैसे तुझे, वस्तू माझी, रामराम. ‘भाड्याने घेतला’ म्हणावं तर मुदत कोणी सांगितली नव्हती आणि महिन्याचं भाडंही नव्हतं. मधला शब्द सुचवा.

शब्दवेडी :
‘परवाना घेतला’ नको. परवाना म्हटलं की सरकार आठवतं : बंदुकीचा, दारूच्या दुकानाचा. ‘अनुज्ञप्ती’ आरटीओच्या कागदावरच राहू दे. सरळ ‘लायसन्स’ लिहा, कळतं सगळ्यांना.

तुमची अडचण फक्त मराठीची नाही, हेही नोंदवते. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये नेमक्या याच शब्दावर कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. डिजिटल वस्तूच्या बटणावर ‘बाय’ किंवा ‘परचेस’ लिहायचं असेल, तर ‘तुम्हाला फक्त लायसन्स मिळतंय’ हे गिऱ्हाइकाला ठळकपणे सांगावं लागतं. कायमची उतरवून घेता येणारी आणि नंतर इंटरनेटशिवायही चालणारी वस्तू यातून वगळली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ दिसू लागली. जीओजी या दुसऱ्या दुकानाने लगेच टोमणा मारून घेतला की आमचे ऑफलाइन इन्स्टॉलर तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. पण कायद्याने पाटी बदलली, माल तोच राहिला. बंद करू नका असं त्यात कुठेही नाही.

गिरगावकर :
मधला शब्द आहे की आपल्याकडे! पागडी. रक्कम एकदम मोजायची, मालक म्हणवून घ्यायचं नाही, भाडेकरूही धड नाही. ‘मी द क्रू पागडीने घेतला होता.’

निम्मा वकील :
ऐकायला झकास, पण पागडीवाल्याचा अपमान होतोय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५६ ने पागडीची देवघेव कायदेशीर केली. शिवाय त्या भाडेकरूला मालक कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय आणि कोर्टात गेल्याशिवाय बाहेर काढू शकत नाही. गेमवाल्याला एक ईमेल आला की खेळ खल्लास.

सातबाऱ्यातला ‘भोगवटादार वर्ग २’ कोणी सुचवायच्या आत तोही बाद करतो. त्याला जमीन हस्तांतरित करण्यावर बंधनं आहेत, पण ती त्याच्याकडे कायमची असते आणि वारसाला जाते. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावे करायला करारातच मनाई आहे.

मराठीतले असे सगळे अर्ध्या हक्काचे शब्द जमिनीतून आणि घरातून आलेत आणि प्रत्येकामागे धारकाला थोडंफार वाचवणारा कायदा उभा आहे. त्यातला कोणताही शब्द गेमला लावलात, तर नसलेला हक्क दिल्यासारखं होईल. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातलं ‘लायसन्स’, दुसऱ्याची जागा वापरायची मुभा, जे देणारा एरवी मागे घेऊ शकतो. पण तेही स्थावर मालमत्तेपुरतंच.

गंमत बघा. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’च धरला, म्हणून त्यावर विक्रीकर बसला. कर घेताना विक्री, गिऱ्हाईक भांडायला आलं की लायसन्स.

शब्दवेडी :
क्रियापदाकडेही बघा. गेम ‘बंद पडला’, ‘बंद झाला’, ‘बंद केला’ की ‘बंद पाडला’? गिरणी बंद पडते त्यात दोष नेमका कुणाचा ते वाक्य सांगत नाही. सभा बंद पाडतात तेव्हा पाडणारा असतो. कंपन्यांच्या निवेदनांना ‘सेवा बंद होत आहे’ फार आवडतं, जणू पावसाळा संपतोय. द क्रूसाठी मी ‘बंद केला’ लिहीन. खेळगडी, तुम्ही वर ‘सर्व्हर बंद झाले’ लिहिलंय, तेवढं बदला.

गिरगावकर :
गेम असे बंद करण्याविरुद्धच्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेच्या नावाचं काय करायचं? ‘गेम मारू नका’ फार सोवळं वाटतं. आमच्याकडे ‘त्याचा गेम केला’ म्हणजे माणूसच गेला. त्या हिशोबाने ‘गेमचा गेम करू नका’!

खेळगडी :
मथळा मिळाला, मालक.

पण त्या मोहिमेची मागणी लोक चुकीची सांगतात. रॉस स्कॉट या यूट्यूबरने २०२४ मध्ये ती सुरू केली, द क्रूच्या निमित्तानेच. ‘सर्व्हर जन्मभर चालू ठेवा’ असं ती म्हणत नाही. कंपनीने पाठबळ काढून घेताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच म्हणते. मोहिमेने युरोपीय संघाकडे कायद्याची मागणी करणारा ‘युरोपीय नागरिक उपक्रम’ हा अर्ज केला, त्याला १० लाख सह्या लागत होत्या. ३१ जुलै २०२५ ला मुदत संपली तेव्हा आकडा १४ लाखांवर होता आणि पडताळणीतही अट पार झाली. गेम उद्योगाच्या संघटनेचा आक्षेप असा की यामुळे ऑनलाइन गेम बनवणं परवडणार नाही आणि खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा राखता येणार नाही. दुसरा मुद्दा मला पटतो, पहिला सरसकट नाही. कारण याच यूबीसॉफ्टने ओरड झाल्यावर ‘द क्रू २’ला ऑफलाइन खेळायची सोय जाहीर केली आणि २०२५ मध्ये दिलीही.

निम्मा वकील :
आपल्याकडे कोणी भांडायचं ठरवलं, तर दोन शब्द नीट वेगळे ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अन्यायकारक करार’ ही व्याख्या आहे आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारं कलम तीत बसू शकतं. पण अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. दोन हजारांच्या गेमसाठी! ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून मांडलीत तर जिल्ह्यातच चालते आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. मात्र तक्रारीत ‘गेम विकत घेतला’ असंच लिहा. बटणावर तेच छापलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट जोडा.