यॉर्कचा ड्यूक खरा वारस की नुसता हावरट?

निवांत_वाचक:
ऑक्टोबर १४६०, इंग्लंड. यॉर्कचा ड्यूक रिचर्ड लंडनला येतो, राजापुढे धरतात तशी तलवार पुढे धरायला लावून, वेस्टमिन्स्टरमध्ये थेट सिंहासनापाशी जातो, त्यावर हात ठेवतो आणि वळून बघतो की आता होईल जयजयकार. सगळे चिडीचूप. शेवटी आर्चबिशप विचारतो, महाराजांना भेटायचंय का? तर हा म्हणतो, त्यांनीच मला भेटायला यावं, या राज्यात त्याला अपवाद कोणी मला माहीत नाही. उद्धट आहेच, पण माझ्या मते हक्क त्याचाच. तिसऱ्या एडवर्ड राजाच्या पोरांत लायनेल मोठा, जॉन ऑफ गाँट त्याच्या पाठचा. गादीवरचा सहावा हेन्री आणि त्याचे लँकेस्टरवाले गाँटचे, आणि यॉर्क आईकडून लायनेलचा. सगळ्यात थोरली पाती राजा दुसऱ्या रिचर्डबरोबर संपलेलीच, मग नंबर कुणाचा?

खडूस_वकील:
आईकडून म्हणता, पण लायनेलपासून यॉर्कपर्यंत यायला दोनदा बाईकडून यावं लागतं, आधी लायनेलची लेक फिलिपा, मग यॉर्कची आई अ‍ॅन मॉर्टिमर. आणि ६१ वर्षांच्या वहिवाटीचं काय? १३९९ पासून लँकेस्टरचे तीन हेन्री राजे झाले, पार्लमेंटचे कायदे झाले, ह्या गृहस्थाने स्वतः १४५२ ला सेंट पॉलमध्ये निष्ठेची शपथ घेतली. लॉर्डांनी तर भारीच पकडला त्याला, म्हणे तुझ्या ढालीवर चिन्ह वडिलांकडच्या आजोबांचं, म्हणजे लायनेलचा धाकटा भाऊ एडमंड ऑफ लँगलीचं, लायनेलचं कुठाय? म्हणजे नाव लावायचं धाकट्याचं अन् वाटा मागायचा थोरल्याचा!

निवांत_वाचक:
त्याचं उत्तर पण सांगा ना मग. हक्क काही काळ गप्प बसला तरी कुजत नाही, असं लेखी दिलंय त्याने. आणि देवाच्या कायद्यापुढे शपथ टिकत नाही म्हणे.

उखाळी_पाखाळी:
बाईकडून हक्क चालत नाही हे लँकेस्टरवाल्यांनी बोलावं म्हणजे कमाल आहे 😄 फ्रान्सच्या मुकुटावरचा यांचा दावा कशावर? तिसऱ्या एडवर्डची आई इझाबेला! पाचवा हेन्री त्याच दाव्यावर १४१५ ला आझँकूरला लढला. फ्रान्सात आई चालते आणि घरी नाही. बरं १४०६ मध्ये पार्लमेंटने जूनला ठरवलं इंग्लंडच्या गादीला फक्त पुरुष वारस, डिसेंबरला तेच फिरवलं. भाऊबंदकीत कागद असेच बदलतात.

खडूस_वकील:
फ्रान्सचा मुद्दा मान्य, तिथे लँकेस्टरवाल्यांना तोंड नाही. पण मला सांगा, १४५३ ला राजाचं डोकं फिरलं, पुढच्या वर्षी यॉर्क प्रोटेक्टर झाला, सगळा कारभार हातात, तेव्हा का नाही आठवले लायनेल आजोबा? १४५९ ला कॉव्हेंट्रीच्या पार्लमेंटने त्याला देशद्रोही ठरवून जमीनजुमला काढून घेतला आणि वर्षभरात वंशावळ बाहेर आली. याला हक्क नाही म्हणत, जीव वाचवणं म्हणतात.

चहाबाज:
मला तर ती तडजोडच कळत नाही. न्यायाधीशांनी हात झटकले, हे आमच्या विद्येच्या पलीकडचं म्हणून. मग ठरलं काय, तर सहावा हेन्री मरेपर्यंत राजा, त्याच्यानंतर यॉर्क. अहो यॉर्क राजापेक्षा दहा वर्षांनी मोठा! आणि राजाच्या पोराला, नुकतीच ७ पूर्ण झालेली, वारसातून उडवलं. मार्गारेट राणी गप्प बसेल असं वाटलं कुणाला? ३० डिसेंबरला वेकफील्डला यॉर्क मेला, डोकं यॉर्क शहराच्याच वेशीवर लावलं, वर कागदाचा मुकुट.

निवांत_वाचक:
आणि तीन महिने व्हायच्या आत त्याच वंशावळीवर पोरगा एडवर्ड राजा झाला, ते सोयीने विसरलात.

खडूस_वकील:
वंशावळीवर? २९ मार्चला टौटनच्या बर्फात जिंकला म्हणून टिकला. आणि वंशावळच बघायची तर १४८५ ला राजा झालेला हेन्री ट्यूडर बघा. बोफर्ट आईचा मुलगा, त्या बोफर्टांना (गाँटच्या लग्नाआधीच्या पोरांचं घराणं) गादी वगळून बाकी सगळं, असं चौथ्या हेन्रीने १४०७ लाच लिहून ठेवलेलं. पार्लमेंटने काय केलं? कारण न देताच मुकुट याचा आणि याच्या वारसांचा म्हणून लिहून मोकळे. त्याला नाही कुणी ढालीवरचं चिन्ह विचारलं.

उखाळी_पाखाळी:
विचारलं नाही, पण जानेवारीत यॉर्कच्याच नातीशी लग्न का केलं मग घाईघाईने?