विंडोज १० चे अपडेट होत नाही, मदत हवी आहे (घरचा डेस्कटॉप)

वावरवाट
नमस्कार. घरच्या डेस्कटॉपवर विंडोजचे अपडेट होत नाही. 'चेक फॉर अपडेट्स' वर क्लिक केले की चक्र थोडा वेळ फिरते, लाल अक्षरांत काहीतरी दाखवते आणि थांबते. 'रिट्राय' केले तरी तेच. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आहे, अँटिव्हायरस काढून पाहिला आहे, इंटरनेट व्यवस्थित आहे. तालुक्याच्या दुकानात विचारले, तर संगणक न पाहताच नवीन घेण्याचा सल्ला मिळाला. मुलीची टंकलेखनाची परीक्षा जवळ आली आहे आणि सरावाचे सॉफ्टवेअर याच संगणकावर आहे, त्यामुळे 'फॉरमॅट करा' हे उत्तर कृपया कोणी देऊ नये. सध्या तुरीच्या मळणीची गडबड असल्याने मला संध्याकाळीच बघता येते. लवकर आणि नेमके उत्तर द्यावे.

संत्राबाग
भाऊ, नेमके उत्तर हवे असेल तर नेमकी माहितीही लागेल. लाल अक्षरांत जे 'काहीतरी' येते, त्यात शून्य आणि एक्सने सुरू होणारा एक क्रमांक असतो, तो लिहावा. सी ड्राइव्हमध्ये किती जागा रिकामी आहे? इंटरनेट केबलचे आहे की मोबाइलच्या हॉटस्पॉटचे? विंडोजची आवृत्ती कोणती? (विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून 'विनव्हर' टाइप केले की ती दिसते.)

वावरवाट
विंडोज १० असल्याचे शीर्षकातच लिहिले आहे. जागा भरपूर आहे. क्रमांकाचा फोटो काढला नाही, संध्याकाळी पाहून लिहितो.

डिजिटल_दिग्रस
क्रमांकाची गरजच नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, मग अपडेट येणार कोठून? विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तुमच्याकडे तो नसणार. दुकानदाराने योग्य तेच सांगितले आहे.

नागझिरा
अर्धीच माहिती देऊन लोकांना खर्चात पाडू नये. आधार संपला हे खरे, परंतु घरगुती ग्राहकांसाठी विस्तारित सुरक्षा अपडेटची योजना आहे आणि तिच्यात नाव नोंदवलेल्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते. आपली सेटिंग मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून 'विंडोज बॅकअप' चालू केला तर पैसे पडत नाहीत. अन्यथा त्यांच्या रिवॉर्ड्सचे १००० गुण किंवा ३० डॉलर, असे पर्याय आहेत. वावरवाट भाऊ, तुम्ही ही नोंदणी केली आहे का? केली नसेल, तर येथील बाकीची चर्चा निरर्थक ठरेल.

वावरवाट
नोंदणी मुलीने दिवाळीच्या सुट्टीतच केली आहे. त्यानंतर अपडेट येतही होते, आता ते थांबले. आवृत्ती २२एच२ आहे. प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय३ आहे, म्हणजे विंडोज ११ चा विषय येथे संपतो. त्रुटीचा क्रमांक ०एक्स८००७२एफ८एफ असा आहे. आता तरी उपाय सांगावा.

मुक्तस्रोत
उपाय सरळ आहे: लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी कार्यप्रणाली) टाका. पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही पुसून न टाकता, आधी चालवून पाहता येते. चौथ्या पिढीच्या आय३ वर ते विंडोजपेक्षा हलके चालते, आणि मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे. नोंदणी, गुण, डॉलर यांचा प्रश्नच उरत नाही.

नागझिरा
मुक्तस्रोत भाऊ, मी स्वतः मिंट वापरते आणि ते उत्तम आहे. परंतु प्रश्नकर्त्याच्या मुलीचे सरावाचे सॉफ्टवेअर विंडोजचे आहे आणि तिची परीक्षा तोंडावर आहे. अशा वेळी घरातल्या एकुलत्या एका संगणकाची कार्यप्रणाली बदलण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

मुक्तस्रोत
'वाइन' हे सॉफ्टवेअर वापरून विंडोजची पुष्कळशी सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात.

नागझिरा
पुष्कळशी चालतात, सगळी नव्हे. हे सॉफ्टवेअर कोणत्या गटात मोडते, त्याचा शोध परीक्षेच्या तोंडावर घेऊ नये.

निवृत्त_गुरुजी
कन्या टंकलेखनाची परीक्षा देत आहे हे वाचून समाधान वाटले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा असेल, तर मराठीसाठी ३० शब्द प्रतिमिनिट या वेगापासून सुरुवात करावी आणि मग ४० कडे जावे. मराठी लिहिण्यासाठी विंडोजमध्येच इनस्क्रिप्ट कळफलक असतो, तो सेटिंगमध्ये भाषा निवडून जोडता येतो. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. सराव रोज पहाटे करावा, त्या वेळी विजेचा दाबही बरा असतो.

वावरवाट
गुरुजी, आभारी आहे, परंतु कळफलकाचा प्रश्न नाही. प्रश्न अपडेटचा आहे.

संत्राबाग
माझा अनुभव असा की अर्धवट उतरलेल्या फाइली अडून बसतात. 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर' या दोन सेवा थांबवाव्यात, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधील 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरचे नाव बदलावे, दोन्ही सेवा पुन्हा चालू कराव्यात आणि अपडेट नव्याने तपासावे. आमच्याकडे प्रत्येक वेळी यानेच काम झाले आहे.

नागझिरा
त्या उपायाने बिघडणार काही नाही, परंतु हा क्रमांक अर्धवट फाइलींचा दिसत नाही. ०एक्स८००७२एफ८एफ बहुतेक वेळा सर्व्हरशी सुरक्षित जोडणी जमली नाही म्हणजे येतो, आणि त्याचे सर्वांत साधे कारण चुकीची तारीख हे असते. भाऊ, संगणकाचे घड्याळ बरोबर आहे का?

वावरवाट
घड्याळ बरोबर आहे. संगणक सुरू केला की मीच ते मोबाइलमध्ये पाहून लावतो.

नागझिरा
ते रोज का लावावे लागते? आणि तुम्ही फक्त तास-मिनिटे लावता की तारीख आणि वर्षही? कोपऱ्यातल्या वेळेवर बाण नेऊन पूर्ण तारीख वाचून सांगावी. बँकेची किंवा अन्य संकेतस्थळे उघडताना 'जोडणी खाजगी नाही' अशा अर्थाची सूचना येते का, तेही सांगावे.

वावरवाट
वर्ष २०१४ दाखवत आहे. बँकेचे पान तशीच सूचना देऊन उघडत नाही, पण तो प्रश्न वेगळा आहे, बँकेचे काम मी मोबाइलवर करतो. संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येते आणि एफ१ दाबावे लागते, मग सगळे व्यवस्थित सुरू होते. थंडी लागल्यापासून हे नेहमीचेच झाले आहे. वर्षाचा आणि अपडेटचा काय संबंध आहे, हे कोणी समजावून सांगेल का?

नागझिरा
संबंध थेट आहे, आणि तुमचे हे तिन्ही प्रश्न वेगळे नसून एकच आहेत.

संगणक जेव्हा अपडेटच्या सर्व्हरशी किंवा बँकेच्या संकेतस्थळाशी बोलतो, तेव्हा समोरचा आपले डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो. त्या प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे लिहिलेले असते आणि तुमचा संगणक त्याची पडताळणी स्वतःच्या घड्याळावरून करतो. संकेतस्थळांची ही प्रमाणपत्रे अल्पमुदतीची असतात: सप्टेंबर २०२० पासून त्यांची कमाल मुदत ३९८ दिवस होती, आणि १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवसांवर आणण्याचे ठरले आहे. तुमच्या संगणकाच्या मते आज २०१४ साल आहे, म्हणून समोर आलेले प्रमाणपत्र त्याला अद्याप सुरूच न झालेले दिसते. एसटीचा पास पुढच्या महिन्यापासूनचा असेल तर कंडक्टर तो आज मान्य करत नाही, तसेच हे आहे. म्हणून बँकेचे पान उघडत नाही आणि म्हणूनच अपडेटही होत नाही.

वर्ष मागे का जाते, त्याचे उत्तर तुमच्या एफ१ मध्ये आहे. मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) सीआर२०३२ क्रमांकाचा, रुपयाच्या नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सेल असतो. संगणकाला वीज मिळत नाही तेव्हा तारीख, वेळ आणि मूळ सेटिंग तो सांभाळतो. तो संपला की संगणक कारखान्यातली तारीख धरतो आणि 'सेटिंग हरवली आहे, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा' असे सांगतो. गेले काही महिने तो तुम्हाला हेच सांगत आहे.

डिजिटल_दिग्रस
सेलसाठी संगणक उघडण्याची काहीही गरज नाही. सेटिंगमध्ये 'वेळ आपोआप लावा' हे चालू केले की इंटरनेटवरून तारीख दुरुस्त होते. उगाच मदरबोर्डला हात लावायला सांगू नये.

नागझिरा
ते चालू करावेच, पण तेवढ्यावर भागत नाही. विंडोजची वेळ जुळवणारी सेवा घरगुती संगणकावर मूळ सेटिंगनुसार ठराविक काळानेच वेळ तपासते, आणि फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर ती तो स्वतःहून स्वीकारत नाही. येथे फरक दहा वर्षांहून अधिक आहे. हाताने वर्ष लावले तर आजचे काम होईल, परंतु रात्री प्लग काढला की सकाळी पुन्हा २०१४ उजाडेल.

संत्राबाग
हे मात्र पटले. पण माझ्या भावाच्या संगणकाचा सेल नऊ-दहा वर्षे चालला, यांचा इतक्या लवकर कसा संपला?

नागझिरा
तुमच्या भावाकडे प्लग बहुधा कायम लावलेला असेल. डेस्कटॉप बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल, तर एसएमपीएसमधून (संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) पाच व्होल्टचा बारीक पुरवठा मदरबोर्डला मिळत राहतो आणि सेलवर जवळजवळ भारच पडत नाही. ज्या घरात रोज प्लग काढला जातो किंवा जेथे भारनियमनात तासन्‌तास वीज नसते, तेथे घड्याळाचा सगळा भार सेलवर येतो. अशा ठिकाणी तीन ते पाच वर्षांत सेल संपणे मला नवीन नाही.

वावरवाट
प्लग रोज काढतो, आणि तो काढावाच लागतो. रोहिणी-मृगाच्या विजांत शेजारच्या घरचा टीव्ही आणि राउटर दोन्ही जळाले आहेत.

निवृत्त_गुरुजी
प्लग काढण्याची सवय अजिबात सोडू नये. सोबत अर्थिंगही तपासून घ्यावे. गावाकडे अर्थिंगची तार जमिनीत जेथे पुरलेली असते तेथील माती उन्हाळ्यात कोरडी पडते, म्हणून त्या जागी अधूनमधून पाणी घालावे. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवणे ही तर फार वाईट खोड आहे.

नागझिरा
गुरुजींशी पूर्ण सहमत आहे. प्लग काढत जावा. त्यामुळे सेल लवकर बदलावा लागेल, परंतु तो मदरबोर्डपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

आता बदलण्याची रीत सांगते. प्लग काढून ठेवावा आणि मग संगणकाचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल. डब्याच्या बाजूचे झाकण उघडावे. तुमच्या भागात कापसाची धूळ पुष्कळ असणार, ती मऊ ब्रशने झाडून घ्यावी, ओल्या फडक्याने पुसू नये. आतील धातूच्या सांगाड्याला हात लावून मगच सेलला हात लावावा. सेलच्या कडेची लहान पट्टी बाजूला दाबली की तो वर येतो. नवा सेल बसवताना अधिकचे चिन्ह वर राहिले पाहिजे. हा सेल मनगटी घड्याळांच्या दुकानात मिळतो. सीआर२०२५ किंवा सीआर२०१६ घेऊ नये, ते पातळ असतात आणि खाचेत सैल बसतात. मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजावा. तो २.७ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर शंकाच उरणार नाही.

त्यानंतर संगणक सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन (बहुतेक ठिकाणी डिलीट किंवा एफ२ चे बटण) दिवस, महिना, वर्ष आणि वेळ लावावी, एफ१० दाबून जतन करावे. तेथील बाकीच्या कोणत्याही पर्यायाला हात लावू नये. विशेषतः हार्ड डिस्कच्या जोडणीचा 'एएचसीआय' किंवा 'आयडीई' हा पर्याय आहे तसाच ठेवावा, कारण तो बदलला तर विंडोज सुरूच न होण्याचा संभव असतो. विंडोज उघडल्यावर तारखेच्या सेटिंगमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना ते पाहावे, 'सिंक नाऊ' करावे आणि मग अपडेट तपासावे. तरीही अडले तर संत्राबाग भाऊंचा फोल्डरचा उपाय करावा.

मुक्तस्रोत
तारीख चुकीची असेल तर लिनक्सवरही अपडेटला अडचण येते, हे प्रामाणिकपणे सांगतो. सेल बदलावाच. मिंटचा सल्ला मात्र मी मागे घेत नाही. ऑक्टोबर २०२६ नंतर या यंत्राचे काय करणार, हा प्रश्न तसाच आहे.

वावरवाट
सेल बदलला. एफ१ येणे थांबले, वर्ष बरोबर आहे आणि बँकेचे पानही उघडले. दुकानदाराला हे दोन मिनिटांत कळायला हवे होते. आता अपडेट सुरू झाले, पण अर्ध्यावर थांबले आहे. आता काय?

संत्राबाग
पहिल्याच उत्तरात विचारले होते, इंटरनेट केबलचे की मोबाइलचे?

वावरवाट
मोबाइलचे. रोज दीड जीबी मिळते.

नागझिरा
मग ती मर्यादा संपली असणार. संचयी अपडेट मोठे असते आणि मधल्या काळात साचलेलेही एकत्र येते. रात्री बारानंतर नवा कोटा मिळाला की चालू करावे. उतरलेला भाग सहसा वाया जात नाही, डाउनलोड तेथून पुढे जाते. वाय-फायच्या सेटिंगमध्ये ही जोडणी 'मीटर्ड' (मर्यादित डेटाची) केली असेल तर तेवढ्यापुरते ते बंद ठेवावे आणि नंतर पुन्हा चालू करावे. ग्रामपंचायतीत भारतनेटची (सरकारी ब्रॉडबँड योजनेची) जोडणी चालू असेल तर तेथेही विचारून पाहावे. इन्स्टॉल होत असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी किंवा यूपीएस जोडावा.

वावरवाट
झाले. रात्री लावून ठेवले होते, सकाळी 'यू आर अप टू डेट' आले. ताई, आभारी आहे. मुलीचा सरावही सुरू झाला.

धानपट्टा
आमच्या लॅपटॉपचेही अपडेट होत नाही. सेल बदलू का?

नागझिरा
नाही. लॅपटॉप उघडू नये. वेगळा धागा काढून विंडोजची आवृत्ती, त्रुटीचा क्रमांक, सी ड्राइव्हमधील रिकामी जागा, इंटरनेटचा प्रकार आणि कोपऱ्यातली पूर्ण तारीख, वर्षासह, लिहावी.