‘सेना दंगे’ला मराठीत काय म्हणायचं? उठाव, बंड, की सत्तांतर?

शहापूरची: एका कन्नड लेखाचं मराठी करूलोय. विषय असा की, सैन्याने सत्ता घेतली की देशाच्या अर्थकारणाचं काय होतं. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 ला सैन्याने सत्ता घेतली, त्याला त्यात कुठं ‘सेना दंगे’, कुठं ‘क्षिप्रक्रांती’ म्हटलंय. मी ‘लष्करी उठावानंतर चलन घसरलं’ असं लिहिलं. भावोजींचं कडधान्याचं दुकान. बाजारात उठाव म्हणजे मालाला मागणी. ते म्हणाले, “उठाव असला तर भाव चढायला पाहिजे की!”

निपाणीकर: ‘दंगा’ तेवढं लिहू नका ताई, गल्लीतली मारामारी होईल. कन्नडात 1857 पण ‘सिपायी दंगे’च. सरळ ‘बंड’ लिहा.

टिळकवाडी: बंड खालचा वरच्याविरुद्ध करतो. इथं सरसेनापतीच होता, आणि संसदेच्या पाव जागा 2008 च्या राज्यघटनेनं सैन्याकडे होत्याच. बंड कुणाविरुद्ध?

कित्तूर रोड: आणि 1824 ला ‘कित्तूरचं बंड’ म्हणणारे अजून आहेत! राणी चन्नम्मा आपल्याच राज्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीशी लढली. बंड हा कंपनीच्या दप्तरातला शब्द.

खानापूरकर: शब्दाचा काय दोष? तो कन्नड ‘बंडाय’वरूनच आलाय. 1980 चं नरगुंदच्या शेतकऱ्यांचं बंडाय आठवा.

निपाणीकर: उलटं कशावरून नसेल? तुम्हाला सगळंच कन्नडातून आलेलं दिसतंय.

खानापूरकर: अडकित्ता तिकडचाच की ओ. सुपारी सोडणार काय?

मच्छे: ‘सत्तांतर’ लिहून मोकळं व्हा.

टिळकवाडी: सत्तांतर महापालिकेतही होतं, दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची बिलं त्याच टेबलावर असतात. बंदुकीनं सत्ता घेतली की जुना करार, परवाना, बँकेतली ठेव टिकेल का, हेच कळत नाही. जुलै 2021 मध्ये जागतिक बँकेचा अंदाज होता की म्यानमारची अर्थव्यवस्था त्या वर्षी 18 टक्के आकसेल. ‘सत्ता बळकावणे’ म्हणा.

मच्छे: दक्षिण कोरियात 1961 ला पार्क चुंग-हींनी बळकावलीच, पण निर्यात वाढवून देश वर काढला.

टिळकवाडी: पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये, सेनापती ने विन तसेच सत्तेवर आले. व्यापाराचं राष्ट्रीयीकरण केलं, तिथले कितीतरी भारतीय दुकानदार हात हलवत परतले. 1987 ला तर नोटा रद्द केल्या, बदल्यात दमडी नाही. रणगाडे रस्त्यावर आले त्या सकाळी आपल्या वाट्याला पार्क आलाय की ने विन, हे व्यापाऱ्याला कुठं माहीत असतं? तो पैसा आत ओढून बसतो.

शहापूरची: मग भावोजींना काय सांगू? लेख उद्या द्यायचाय.

कित्तूर रोड: काहीही लिहा, पण चन्नम्मांना बंडखोर नको.

खानापूरकर: ‘बंडाय’ची जुनी नोंद कुणाकडे असेल तर टाका. निपाणीवाले ऐकत नाहीत.