मामेभाऊ 8 वर्षांनी जेलमधून सुटतोय, राहायचं कुठे?

मीरज_ची_लेक: नमस्कार मंडळी. माझा मामेभाऊ पुढच्या महिन्यात येरवड्यातून सुटतोय. मामा-मामी दोघंही मधल्या काळात गेले, खोली भाड्याची होती ती कधीच सुटली, आणि सख्खा भाऊ म्हणतो माझ्या दारात नको, पोरीचं लग्न जमवायचंय. आमचं वन रूम किचन, त्यात सासूबाई अंथरुणावर. परवा मुलाकातीला गेले तर म्हणाला, "ताई, काही दिवस स्टेशनवर झोपेन, तू टेन्शन घेऊ नको." तेव्हापासून माझी झोप उडालीय. कुठे अर्ज करायचा, कोणाला भेटायचं, प्लीज सांगा.

वाटाड्या: ताई, सुटायची वाट बघत बसू नका, जे काय करायचं ते तो आत असतानाच. जेलमधल्या वेल्फेअर ऑफिसरला भेटा, आणि जिल्हा परिविक्षा अधिकारी म्हणून असतात महिला व बालविकास खात्याचे, त्यांनाही. सुटलेल्या बंदींना धंदा सुरू करायला अनुदान त्यांच्याकडूनच मिळतं पण कागद लागतात. आधार, बँकेचं पासबुक आहे का बघा, नाहीतर सगळं तिथेच अडतं. मुंबई-ठाण्याच्या बाजूला कोणी वाचत असेल तर टाटा इन्स्टिट्यूटचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून हेच काम करतोय, आत जाऊन भेटतात, नंतर कामाला लावायलाही मदत करतात.

साधा_माणूस: मी स्वतः आत होतो, कच्चा कैदी, म्हणजे केसचा निकाल लागायच्या आधीच आत, 14 महिने. आमच्या देशात चारातले तीन कैदी कच्चेच आहेत आणि कच्च्याला सुटायची तारीखच नसते, जामिनाचा कागद आला की संध्याकाळी नाव पुकारतात. गेटबाहेर आलो तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी, अंगावर अटकेच्या दिवशीचीच पॅन्ट, ती कमरेवर टिकेना म्हणून सुतळीने बांधलेली. वहीतले चार नंबर लावले, तीन बंद, चौथ्याने आवाज ओळखून कट केला. एसटी स्टँडवर झोपलो तर तिसऱ्या रात्री पोलिसांनी संशयित म्हणून उचललं, जुनी केस कळल्यावर तर काही विचारूच नका. ताई, पहिले पंधरा दिवस कसंही करून छप्पर बघा, पालिकेचा बेघर निवारा असला तरी चालेल, पण आधी स्वतः जाऊन बघून या.

आटपाडीकर: आमच्याकडे स्वतंत्रपूर आहे, 1939 पासूनची खुली वसाहत. कैदी बायकापोरांसोबत राहतात, शेती करतात. घर तुटतच नाही मग सुटल्यावर जायचं कुठे हा प्रश्न निम्मा तिथेच मिटतो. असं अजून चार ठिकाणी का होत नाही, खरंच कळत नाही. बरं, तो आत काही काम शिकलाय का? राहायची सोय असलेलं काम आधी शोधा, खोली नंतर. आणि मालकापासून लपवू नका, पोलीस व्हेरिफिकेशनला कळतंच, मग रातोरात बाहेर काढतात.

मीरज_ची_लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. साधा माणूस, तुमचं वाचून रडू आलं दादा. तो सुतारकाम शिकलाय, कारखान्यात बेंच बनवायचा. सोमवारी रजा टाकून वेल्फेअर ऑफिसरकडे जाते. यांचे एक मित्र फर्निचरवाले आहेत हडपसरला, वर्कशॉपच्या माळ्यावर कारागीर राहतात, त्यांना आज रात्री फोन करतेय, सगळं खरं सांगूनच.