पांढऱ्या मॉसचे कुळ कोणते मानावे?

रानवाट (धाग्याची सुरुवात)

आंबोलीच्या जंगलात एका जांभळीच्या बुंध्यावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, पांढुरक्या हिरव्या मॉसची (मुळे नसलेल्या, गादीसारख्या वाढणाऱ्या चिमुकल्या वनस्पतीची) मूठभर गादी दिसली. पाने पट्टीसारखी आणि जाडसर, ओली असताना करडी-हिरवी, वाळली की जवळजवळ पांढरी. नखाने दाबले तर पापडासारखी मोडतात. हे ऑक्टोब्लेफरम अल्बिडम आहे, याबद्दल मला शंका नाही. अडचण कुळाची आहे. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात ते ल्युकोब्रिएसी कुळात आहे, नंतरच्या एका यादीत कॅलिम्पेरेसीत आहे, आणि आणखी एका ठिकाणी त्याला ऑक्टोब्लेफरेसी असे स्वतंत्र घर मिळाले आहे.

माझे मत असे की, निदान सह्याद्रीच्या स्थानिक याद्यांत तरी सगळी पांढरी मॉस जुन्या ल्युकोब्रिएसीतच एकत्र ठेवावीत. भर पावसात, गळ्यात भिंग अडकवून रानात फिरणाऱ्याला डोळ्यांना दिसणारा गट हवा असतो. सतत पत्ता बदलणारे कुळ त्याच्या काय कामाचे?

आडवा छेद

मी पूर्णपणे असहमत आहे, आणि माझी हरकत नावांच्या हट्टापायी नाही.

पांढरा रंग येतो कुठून, हे आधी पाहू. या पानांत मोठ्या, रिकाम्या, मृत पेशींचे थर असतात. त्यांच्या भिंतींना छिद्रे असतात आणि पाऊस पडताच त्या पाण्याने भरतात. हरितद्रव्य असलेल्या अरुंद जिवंत पेशी या थरांच्या मधोमध, दोन भाकऱ्यांमधल्या चटणीसारख्या, दबून बसलेल्या असतात. बुंध्यावर उघड्यावर राहणाऱ्या आणि मुळे नसलेल्या वनस्पतीला पाणी धरून ठेवण्याचा हा उपाय फार सोयीचा आहे, म्हणूनच तो एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडला. स्फॅग्नम या दलदलीतल्या मॉसच्या पानांतही रिकाम्या आणि हिरव्या पेशींची जोडी असते. मग तेही पांढऱ्या कुळात घालायचे का?

आता गाजराच्या तुकड्यात पान धरून ब्लेडने पातळ काप घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. ल्युकोब्रियमच्या (ज्या पांढऱ्या मॉसवरून ल्युकोब्रिएसी हे नाव पडले, त्याच्या) छेदात हिरव्या पेशी चौकोनी दिसतात, तर ऑक्टोब्लेफरमच्या छेदात त्रिकोणी. कॅप्सूल मिळाली तर (म्हणजे देठावरची बीजाणूंची डबी) तिचे झाकण गळल्यावर तोंडाशी असलेले दात मोजा. ल्युकोब्रियमला सोळा दात असतात आणि प्रत्येक दात साधारण मध्यापर्यंत दुभंगलेला असतो; ऑक्टोब्लेफरम अल्बिडमला अखंड असे आठच दात असतात. प्रजातीच्या, म्हणजे ऑक्टोब्लेफरमच्या, नावाचा अर्थच ‘आठ पापण्या’ असा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हेडविगच्या 1801 सालच्या ज्या ग्रंथापासून मॉसच्या वैध नावांची गणना सुरू होते, त्यातच हे नाव आहे. म्हणजे हा फरक डीएनए तपासणी येण्याच्या कितीतरी आधीपासून नोंदलेला होता. आपणच रंगाला भुललो.

शिवाय आज ल्युकोब्रिएसी म्हटले की त्यात कॅम्पिलोपससारखी हिरवीगार मॉसही येतात, कारण ल्युकोब्रियमचे खरे सोयरे तेच आहेत. तुम्ही ते नाव जुन्या अर्थाने वापरलेत, तर वाचणाऱ्याला नेमका चुकीचा गट कळेल.

घाटमाथा

सूत्रलेखकांची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. आडवा छेद यांचे शास्त्र बिनचूक आहे, पण त्यांच्या प्रतिसादातले ‘कॅप्सूल मिळाली तर’ हे शब्द पुन्हा वाचावेत. ल्युकोब्रियमच्या गाद्या मी निलगिरीच्या शोलांत (डोंगरमाथ्यावरच्या सदाहरित रानांत) अनेकदा पाहिल्या, पण कॅप्सूल क्वचितच हाती लागली. ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही त्यांनी नोंदच करू नये, असा नियम झाला तर नोंदवह्या कोऱ्या राहतील. गावात तळ्यातले, भिंतीवरचे आणि खडकावरचे सारे ‘शेवाळ’च असते, त्यातून पांढरे मॉस वेगळे काढले, हीदेखील ओळखीची एक पायरीच आहे.

(जाता जाता: वर्तमानपत्रे ‘जाती’ला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात. इथे प्रजाती (जीनस) ऑक्टोब्लेफरम आणि जाती (स्पीशीज) अल्बिडम. निदान या धाग्यात तरी हा घोळ नको.)

आडवा छेद

नोंद जरूर करावी, माझे त्याला काहीच म्हणणे नाही. ‘पांढरे मॉस, जांभळीचा बुंधा, पाने ठिसूळ’ ही उत्तम नोंद आहे, कारण तिच्यात पाहिले तेवढेच लिहिले आहे. मात्र त्याच गोष्टीला ‘कुळ ल्युकोब्रिएसी’ असे लिहिले की ती नोंद राहत नाही, तो नात्यागोत्याविषयीचा दावा होतो, आणि इथे तो दावा चुकीचा आहे. दिसण्यावरून गट करायचा असेल तर त्याला साधे मराठी नाव द्या. कुळाचे लॅटिन नाव त्यासाठी उसने घेऊ नका.

रानवाट

कॅम्पिलोपसचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे, हे मान्य करतो. ज्या नावाखाली हिरवी मॉसही येतात, ते नाव पांढऱ्यांची खूण म्हणून वापरणे बरोबर नाही. तरीही कुळ वारंवार हलते याचा त्रास खरा आहे, आणि तो याद्या करणाऱ्यांनाच भोगावा लागतो. जुने कपाट नव्या क्रमाने लावताना वाळवलेल्या नमुन्यांची किती पाकिटे चुकीच्या खणात जातात, हे ज्याने लावले त्यालाच ठाऊक.

आजच वाळलेले एक पान भिजवून छेद घेतला. पहिले चार काप जाड आले, पाचव्यात मधल्या ओळीतल्या हिरव्या पेशी त्रिकोणी दिसल्या. पाकिटावर पेन्सिलीने प्रजाती आणि जाती लिहिली आहे, खाली छेदाचे चित्र काढले आहे, आणि कुळाचा रकाना तूर्त मोकळा सोडला आहे.

आडवा छेद

चित्राशेजारी मोजपट्टी काढायला विसरू नका. आणि त्याच गादीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर उंचीचे देठ उभे आहेत का, ते भिंगाने पाहा. ही जाती कॅप्सूल धरण्यात ल्युकोब्रियमइतकी कंजूष नाही.