दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी लंडनने खोल निवारे आधीच खणायला हवे होते का?

भुयारी
ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन १९३८ पासून कंठशोष करत होते की शहराखाली खोल बोगदे खणा. १९३९ मध्ये सरकारने तो विषय बासनात गुंडाळला. खर्च, वेळ, आणि लोक आत जाऊन बसले तर कामावर येणार नाहीत ही भीती. ७ सप्टेंबर १९४० पासून सलग ५७ रात्री बॉम्ब पडले तेव्हा लोकांनी ट्यूबची (लंडनच्या भुयारी रेल्वेची) स्टेशनं स्वतःच काबीज केली. सरकार साफ चुकलं, असं माझं मत.

नटबोल्ट
बोगदे काय महिन्यात होतात? अँडरसन निवारा फेब्रुवारी १९३९ पासून घरोघरी पोचत होता. सहा वाकवलेले नागमोडी पत्रे माथ्यावर बोल्टने आवळायचे, चार फूट खड्ड्यात उभे करायचे, वर किमान १५ इंच माती. थेट माथ्यावर बॉम्ब पडला तर खेळ खलास. पण शेजारी पडला तर पत्रा लवतो आणि धक्का माती पिते. वर्षाला २५० पौंडांच्या आत मिळकत असेल तर फुकट, एरवी ७ पौंड.

भुयारी
फुकट, पण पुरायचा कुठे? ईस्ट एंडसारख्या कामगार वस्तीच्या दाटीत परस किती जणांना होतं? आणि खड्ड्यात पाणी झिरपतं ते वेगळंच. हिवाळ्यात रात्रभर घोटाभर पाण्यात कोण झोपणार?

गवंडी
परस नसलेल्यांसाठी रस्त्यावर विटांचे निवारे बांधले, खरा घोळ तिथे आहे. सिमेंटची टंचाई होती, म्हणून १९४० मध्ये चुन्याच्या मसाल्याबाबत सूचना निघाली. ती इतकी मोघम की काही ठिकाणी मसाल्यात सिमेंट पडलंच नाही, नुसता चुना नि वाळू. स्फोटाने भिंत जरा सरकली की वरचा काँक्रीटचा स्लॅब अखंड खाली. लोक त्यात जायला धजेनात, यात नवल नाही.

नटबोल्ट
आणि खोल ट्यूबमध्ये माणसं मेली नाहीत? बालहॅम स्टेशनपाशी १४ ऑक्टोबर १९४० रोजी रस्त्यावर बॉम्ब पडला, खालच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या फुटल्या, गाळ बोगद्यात घुसला. साठाहून जास्त मृत्यू. बेथनल ग्रीन स्टेशनात ३ मार्च १९४३ रोजी तर बॉम्ब न पडताच जिन्यावर १७३ जण चेंगरून गेले. खोल निवाऱ्याच्या तोंडाशी चेंगराचेंगरी होऊ शकते, हे खोटं नाही!

भुयारी
बेथनल ग्रीनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. एकच दार, १९ पायऱ्या, मध्ये कठडा नाही, एक मिणमिणता दिवा. दार सुधारायला स्थानिक कौन्सिलने आधीच परवानगी मागितली होती, ती नाकारली. हा निवारा खोल असल्याचा दोष की सुताराला न दिलेल्या चार दिवसांचा?

आकडेमोड
दोघंही मोजक्यांवर भांडताय. नोव्हेंबर १९४० च्या मोजणीत लंडनकरांपैकी ट्यूबमध्ये ४ टक्के, सार्वजनिक निवाऱ्यात ९, घरगुती निवाऱ्यात २७. बाकीचे घरातच किंवा ड्यूटीवर. म्हणजे गरज होती घरात मांडता येणाऱ्या निवाऱ्याची. मॉरिसन निवारा तसा होता: साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच, वर तीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा, बाजूंना जाळी. दिवसा जेवायचं टेबल. पडणाऱ्या मजल्याचा भार सांगाडा वाकून जिरवतो, मोडत नाही. पण तो आला मार्च १९४१ मध्ये, आणि मोठे हल्ले मे महिन्यात थांबले.

भुयारी
आणि त्याचा हिशेब दुमजली घर कोसळण्याचा. पाच मजली इमारतीत राहणाऱ्याने तो कुठे मांडायचा, तेही सांगा.